अकरा किलोबाइटांची साक्ष

अठरा मिनिटं चाललेला अख्खा खेळ अकरा किलोबाइटांत मावेलच कसा? शाल्मली मगदूमला हा प्रश्न शनिवारी दुपारी साडेचारला पडला. आणि एकदा का तिला प्रश्न पडला की घरात कुणाची सुटका नसे, माणसांची नाही आणि यंत्रांचीही नाही.

"भाऊसाहेब, तुमचा आकडा चुकलाय," ती म्हणाली.

भाऊसाहेब म्हणजे मगदुमांच्या घरातला यंत्रमानव. उंचीला शाल्मलीएवढाच, म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीएवढा, पण बोलणं असं की जणू मामलेदार कचेरीत तीस वर्षं काढून आलाय. म्हणूनच आजोबांनी त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं होतं आणि घरातले सगळे त्याला अहोजाहो करत.

"आमचा आकडा चुकत नसतो," भाऊसाहेब म्हणाले. "फाइल अकरा किलोबाइटांचीच आहे. काल तुम्ही गच्चीवर मांजराचा फोटो काढलात, तो या फाइलीच्या चारशेपट मोठा आहे. मांजर हललेलं असूनही."

आता ही फाइल कसली, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही शाल्मलीसारखे माझा पिच्छा पुरवाल.

साल होतं २०५३. गाव सांगली. शाल्मलीचे आजोबा श्रेणिक मगदूम हे हवामानशास्त्रज्ञ. कृष्णेला पूर कधी येणार, पाणी किती चढणार, याचा अंदाज बांधण्यात त्यांची उभी हयात गेली. पण कॉलेजात असताना, २०१४ साली, त्यांनी आणि त्यांच्या एका मित्रानं मिळून चक्क एक व्हिडिओ गेम बनवला होता. त्याचं असं झालं की एका परदेशी कंपनीचा विमानांच्या लढाईचा एक खेळ होता. पोरं त्या खेळावर जीव टाकायची, पण कंपनीनं तो मधेच बंद केला. तेव्हा या दोघांनी ठरवलं, तुम्ही नाही बनवत ना, मग आम्ही बनवतो! खेळाच्या चाहत्यांनी निव्वळ हौसेपोटी बनवलेले असे खेळ त्या काळी पुष्कळ होते. यांच्या खेळाचं नाव होतं 'भिरभिर'.

भिरभिर हा 'बुलेट हेल' जातीचा खेळ होता, म्हणजे शब्दशः गोळ्यांचा नरक. पडद्याच्या तळाशी तुमचं इवलंसं विमान. वरून शत्रूची यंत्रं गोळ्या सोडतात, त्याही एकदोन नव्हेत, शेकड्यांनी. लाल, निळ्या, पिवळ्या गोळ्यांची फुलं उमलतात, चक्रं फिरतात, माळा लोंबतात, आणि तुम्ही त्यांच्या फटींतून विमान काढायचं. पाहिल्यावर वाटतं, छे, हे अशक्यच आहे. पण त्यात एक खुबी असते. विमान दिसतं अंगठ्याएवढं, पण त्याच्या पोटातला तिळाएवढा एकच ठिपका खरा. गोळी पंखावरून गेली तर काही होत नाही, ठिपक्याला लागली तर खेळ खल्लास. शाल्मली आठ दिवस हेच खेळत होती आणि तीनही विमानं गमावून दुसऱ्या टप्प्यावर मरत होती.

खेळ इतक्या वर्षांनी बाहेर निघाला त्याला कारण होतं. कोल्हापुरात खेळांचं एक नवं संग्रहालय उभं राहत होतं आणि हौशी माणसांनी बनवलेल्या खेळांच्या दालनात त्यांना भिरभिर ठेवायचा होता. भाऊसाहेबांनी जुनी हार्ड डिस्क वाचली आणि एका एम्युलेटरवर (जुन्या संगणकाचं हुबेहूब सोंग वठवणारा प्रोग्रॅम) खेळ पुन्हा जिवंत केला. आता उरली होती फक्त खेळाशेजारी लावायची पाटी. तिचा मजकूर आज संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा होता. पाटी पितळेची, अक्षरं कोरलेली. आजोबांनी मजकूर लिहून ठेवला होता आणि त्यातलं शेवटचं वाक्य होतं, 'हा खेळ आजवर कोणीही शेवटपर्यंत पार केलेला नाही.'

आणि त्याच हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात शाल्मलीला ही फाइल सापडली होती. नाव, 'दस्तगीर, ११ डिसेंबर'. लांबी अठरा मिनिटं सहा सेकंद.

"आजोबा, दस्तगीर कोण?"

आजोबा भडंगाची वाटी घेऊन खुर्चीत बसत होते. ते अर्धवट वाकलेलेच थांबले.

"ती फाइल राहू दे."

"पण अठरा मिनिटं! खेळ पूर्ण करायला साधारण तेवढीच लागतात, तुम्हीच म्हणाला होता. मग पाटीवर कोणीही पार केला नाही असं का लिहिलंय?"

"कारण कोणी केलेला नाही म्हणून," आजोबा तुटकपणे म्हणाले. मग नातीचं तोंड पाहून त्यांनी उसासा टाकला. "बस इथं. सांगतो. तू काही ऐकणारी नव्हेस."

दस्तगीर शिकलगार हा मिरजेचा. घरी सतारी बनवायचा पिढीजात धंदा. बोटं अशी हलकी की सतारीची तार काय नि संगणकाची कळ काय, त्याला सारखीच. भिरभिरचं संगीत त्यानंच केलेलं. खेळाचे सगळे हिशेब आणि चित्रं श्रेणिकची. दोघं एका ताटात जेवणारे मित्र. डिसेंबरात पुण्यात या खेळाच्या चाहत्यांचं संमेलन भरलं. चाळीस-पन्नास पोरं जमली होती. तिथं दस्तगीरनं सांगितलं की त्यानं मिरजेत, आपल्या घरच्या संगणकावर, एकही विमान न गमावता भिरभिर पुरा केलाय, आणि पुरावा म्हणून ही फाइल पेनड्राइव्हवर आणलीय. श्रेणिकनं ती आपल्या संगणकावर टाकली आणि सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर लावली.

"आणि?"

"आणि काय! सव्वाचार मिनिटांत तिन्ही विमानं गेली. वेंधळ्यासारखी. पोरं खो खो हसली. मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, दस्त्या, खोटं बोलायला माझाच खेळ सापडला तुला? त्यानं पेनड्राइव्ह उचलला, बॅग उचलली आणि गेला. त्यानंतर एकोणचाळीस वर्षं आम्ही बोललेलो नाही."

आजोबांनी भडंगाची वाटी बाजूला ठेवली. त्यांचा आवाज रागीट होता, पण शाल्मलीला तो ऐकून वाईटच वाटलं. इतक्या जुन्या रागात एवढी धग असते, ती उगाच नसते.

"मला बघायचंय," ती म्हणाली. "पण आधी हे अकरा किलोबाइटांचं कोडं सोडवा. अठरा मिनिटांचं चित्रीकरण एवढुशा जागेत मावत नाही."

शास्त्रज्ञ माणसाला कोडं घातलं की त्याचा राग पळतो, हे शाल्मलीला अनुभवानं ठाऊक होतं. आजोबा सरसावून बसले.

"ते चित्रीकरण नाहीच मुळी. त्याला रीप्ले म्हणायचे. तुझी आत्या ऑस्ट्रेलियात असते. तिला तू ठिपक्यांची रांगोळी दोन प्रकारे पाठवू शकतेस. एक, रांगोळीचा फोटो काढून. दुसरं, फोनवर नुसतं सांगून, की आत्या, सात रांगा सात ठिपके, पहिल्या रांगेतला दुसरा ठिपका दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्याला जोड, असं. तिनं सांगितल्याबरहुकूम केलं की तिच्या अंगणात तीच रांगोळी उमटणार. खरं ना? रीप्लेच्या फाइलीत चित्र नसतं. कोणत्या क्षणी कोणती कळ दाबली, तेवढंच असतं. दर सेकंदाचे साठ भाग केलेले. अमक्या भागात डावी कळ, तमक्या भागात उजवी. खेळ त्या कळा पुन्हा जशाच्या तशा स्वतःवर दाबून घेतो."

"म्हणजे खेळ खरोखरच पुन्हा खेळला जातो?"

"अगदी बरोबर. म्हणून तर फाइल एवढीशी."

शाल्मलीनं क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "नाही पटत. विमान तेच करेल, कबूल. पण गोळ्या? फुलांच्या मधेमधे त्या सुट्या गोळ्या कशाही येतात की! दरवेळी वेगळ्या. त्या तर फाइलीत नाहीत."

"अशी पाहिजे नात!" आजोबांनी मांडीवर थाप मारली. "कागद घे. मला एक संख्या सांग, शंभराच्या आतली."

"सत्तावीस."

"तिला एकवीसनं गुण, सतरा मिळव, आणि येईल त्यातले शेवटचे दोन आकडेच ठेव."

शाल्मलीनं हिशेब केला. पाचशे सदुसष्ट अधिक सतरा, पाचशे चौऱ्याऐंशी. शेवटचे दोन आकडे, चौऱ्याऐंशी.

"आता चौऱ्याऐंशीचं तेच कर. मग जे येईल त्याचं."

कागदावर रांग उतरली, ८४, ८१, १८, ९५, १२. शाल्मली तिच्याकडे बघत राहिली. आकडे कसेही उड्या मारत होते. काही क्रम दिसत नव्हता.

"आता पुन्हा सत्तावीसपासून सुरू कर."

"पुन्हा केलं तर तेच येणार की. ८४, ८१..." आणि ती थबकली. "अय्या! म्हणजे गोळ्या मनमानी नाहीतच!"

"संगणकाला मनमानी जमतच नाही, बिचाऱ्याला," आजोबा म्हणाले. भाऊसाहेबांनी हे ऐकून घेतलं. "या झाल्या छद्म-यादृच्छिक संख्या (वरवर कशाही वाटणाऱ्या, पण आतून पक्क्या हिशेबानं आलेल्या). आणि सत्तावीस ही त्यांची बीजसंख्या (जिच्यापासून हिशेब सुरू होतो ती). खेळ सुरू होताना जी बीजसंख्या होती, तेवढी फाइलीच्या कपाळावर लिहून ठेवली की झालं. बीज तेच, कळा त्याच, मग खेळही तोच. केसाचाही फरक नाही."

"केसाचाही नाही?"

"नाही. म्हणून तर मला त्या दिवशी खात्री होती, की दस्तगीर खोटं बोलतोय. फाइल खोटं बोलू शकत नाही."

"लावा ती," शाल्मली म्हणाली.

भाऊसाहेबांनी फाइल लावली. पहिला टप्पा सुरू झाला. वरून सरळ रांगांनी गोळ्या येत होत्या आणि दस्तगीरचं विमान त्यांच्यातून असं जात होतं, की शाल्मलीच्या तोंडून नकळत "वा!" निघालं. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. गोळी अंगाला खेटून जाई आणि विमान जेवढं हलायला हवं तेवढंच हले.

तीन मिनिटांनी दुसरा टप्पा लागला. पडद्याच्या मधोमध ते कुप्रसिद्ध चक्र आलं. दर सेकंदाला एक गिरकी घ्यायचं आणि चारी बाजूंना गोळ्यांचे फवारे सोडायचं. शाल्मली इथंच रोज मरत असे. सुरुवातीला विमान छान चाललं. मग काहीतरी बिनसलं. तीन मिनिटं बावन्न सेकंदांनी पहिलं विमान गेलं. त्यानंतर तर भुताटकी झाल्यासारखं विमान स्वतःहून गोळ्यांवर जाऊन आदळू लागलं. सव्वाचार मिनिटांच्या सुमारास खेळ संपला.

"बघितलंस?" आजोबा म्हणाले. त्या दोन शब्दांत एकोणचाळीस वर्षं होती.

पण शाल्मली पडद्याकडेच बघत होती. तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"भाऊसाहेब, पहिलं विमान जायच्या आधीची दहा सेकंदं परत लावा. सावकाश."

विमान डावीकडे सरकलं, थांबलं, अर्धं बोट खाली आलं, पुन्हा वर गेलं, मग बारीकशी कोलांटी घेऊन उजवीकडे निसटलं. सुरेख हालचाल. पण त्या जागी एकही गोळी नव्हती. गोळ्यांचा फवारा दोन बोटं पलीकडून चालला होता.

"आजोबा, हा कुणाला चुकवतोय?"

"म्हणजे?"

"मी आठ दिवस या चक्रापाशी मरतेय. रिकाम्या जागेत कोणी असं नाही वागत. समोर गोळ्या असतील तरच माणूस एवढी नाजूक वळणं घेतो. याला तिथं गोळ्या दिसत होत्या. आपल्याला दिसत नाहीत."

आजोबा पडद्याकडे झुकले.

"आणि भाऊसाहेब, खेळ तर सव्वाचार मिनिटांत संपला. मग फाइल अठरा मिनिटांची कशी?"

"पुढच्या पावणेचौदा मिनिटांच्या कळाही फाइलीत आहेत," भाऊसाहेब म्हणाले. "एकूण पाच हजारांच्या वर. शेवटपर्यंत सलग."

"खेळ संपल्यावर कुणी पावणेचौदा मिनिटं कळा बडवत बसतं का?"

"माझ्या पाहण्यात असा माणूस नाही," भाऊसाहेबांनी गंभीरपणे सांगितलं.

आजोबा उठून येरझाऱ्या घालू लागले. "शाल्मली, पुरे आता. बीज तेच, कळा त्याच. खेळ वेगळा होईलच कसा?"

"हिशेब वेगळा असला तर होईल ना! एकवीसनं गुणायच्या ऐवजी बावीसनं गुणलं तर? आत्याच्या रांगोळीत ठिपके थोडे लांब लांब असले तर?" शाल्मलीचा आवाज चढला होता. "त्यांनी त्यांच्या घरी खेळला तो खेळ आणि तुम्ही पुण्यात लावलात तो खेळ, दोन्ही एकच होते का? तुम्ही मधे काही बदललं होतं का?"

"काही नाही. बारीकसारीक दुरुस्त्या मी रोजच करायचो. त्यांनी काय होतंय!"

"लिहून ठेवायचात?"

हो, लिहून ठेवायचे. श्रेणिक मगदूम हा माणूस लहानपणापासून इतका काटेकोर, की खेळात एक स्वल्पविराम बदलला तरी तारीख घालून वहीत टिपायचा. वही हार्ड डिस्कच्याच खोक्यात होती. शाल्मलीनं पानं उलटली. '९ डिसेंबर, तिसऱ्या टप्प्याचं संगीत जरा हळू केलं.' '१० डिसेंबर, दस्तगीरला मिरजेला नवी प्रत पाठवली.' आणि मग, संमेलनाच्या आदल्या दिवशीचं पान, ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा ओढून.

'१३ डिसेंबर. २२/७ काढून टाकलं. ३.१४१५९ घातलं. आता वर्तुळ खरं गोल!'

"हे काय आहे, आजोबा? ही पायची किंमत ना?"

आजोबांनी वही हातात घेतली. चष्मा वर केला, खाली केला. आणि एकदम खुर्चीत बसले.

"होय," ते हळूच म्हणाले. "पाय. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट, ते सांगणारी संख्या. आम्हाला शाळेत बावीस सप्तमांश शिकवलेली. आधी खेळात तीच होती. पण ती नेमकी नाही. तिसऱ्या दशांश स्थळापासूनच चुकते. ते मला फार खुपायचं. संमेलनात कोणा हुशार पोराच्या नजरेला पडलं तर हसं होईल, म्हणून आदल्या दिवशी सुधारली. नि कुणालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?"

"मग फरक किती पडतो?"

आजोबांनी कागद ओढला. हिशेब सरळ उतरला. चक्रानं एक गिरकी पुरी केली की किती फिरलं, हे संगणक पायवरून ठरवतो. बावीस सप्तमांश खऱ्यापेक्षा किंचित जास्त. म्हणून जुन्या खेळातलं चक्र दर गिरकीला किंचित पुढे जायचं, एका अंशाच्या जेमतेम सातव्या भागाइतकं.

"एवढंच?" शाल्मली हिरमुसली. "हे तर डोळ्यांना दिसणारही नाही."

"एका गिरकीत नाही दिसणार. पण चक्र सेकंदाला एक गिरकी घेतं. मिनिटाला साठ. साठ गिरक्यांत साडेआठ अंश. आणि वीतभर खाली असलेल्या विमानापाशी साडेआठ अंश म्हणजे..." त्यांनी पडद्याला दोन बोटं लावली. "एवढं."

बरोबर तेवढंच. ज्या दोन बोटांनी फवारा बाजूला चालला होता, तेवढंच.

"आणि एकदा पहिलं विमान गेलं," शाल्मली भराभर बोलू लागली, "की नवं विमान येतं पडद्याच्या तळाशी, मधोमध. पण कळा तर जुन्या विमानाच्या जागेच्या. त्या डावीकडे म्हणणार आणि हे भलतीकडेच जाणार! म्हणून ते स्वतःहून आदळत होतं!"

"सुरुवातीच्या अटींवरची संवेदनशीलता," आजोबा म्हणाले, आणि कंसातला अर्थ त्यांनी स्वतःलाच सांगितल्यासारखा सांगितला, "आरंभीचा बारीकसा फरक पुढे वाढत वाढत मोठा होतो. महाबळेश्वरच्या पावसाचा आकडा आज इंचभर चुकला, तर चार दिवसांनी सांगलीत पाणी कोणत्या गल्लीत येणार ते चुकतं. मी हे बाई, तीस-पस्तीस वर्षं शिकवलं. कलेक्टरांना शिकवलं, मंत्र्यांना शिकवलं. नि ज्या एका ठिकाणी माझ्या स्वतःच्या हातनं घडलं, तिथं वळूनही बघितलं नाही."

त्यांना लाज वाटत होती. साठ वर्षांच्या, सगळ्या जिल्ह्यानं मान दिलेल्या माणसाला अकरा वर्षांच्या नातीसमोर लाज वाटत होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. शाल्मलीला ते त्या क्षणी फार आवडले.

"अजून सिद्ध कुठं झालंय?" ती म्हणाली. "भाऊसाहेब, ती एक संख्या परत बदला. बावीस सप्तमांश घाला. बाकी कशाला हात लावू नका."

"हे चुकीचं वर्तुळ होईल," भाऊसाहेबांनी बजावलं.

"चुकीचंच पाहिजे!"

फाइल पुन्हा सुरू झाली. पहिला टप्पा गेला. चक्र आलं. तीन मिनिटं पन्नास सेकंद. शाल्मलीनं आजोबांचा हात गच्च धरला. विमान डावीकडे सरकलं, थांबलं, अर्धं बोट खाली आलं, वर गेलं, कोलांटी घेऊन उजवीकडे निसटलं. आणि या वेळी त्याच्या चहूबाजूंनी गोळ्या होत्या. मघाशी रिकाम्या दिसलेल्या त्या जागेत गोळ्यांची जाळी विणलेली होती, आणि दस्तगीरचं विमान त्या जाळीच्या एकेका भोकातून वाट काढत होतं.

"गेला पार!" शाल्मली ओरडली.

तिसरा टप्पा गेला. चौथ्यात पडदा इतका भरला की काळा रंग दिसेना. आजोबा मधेच "अरे बाप रे, दस्त्या!" असं पुटपुटले. आपण बनवलेली ही जागा कुणी ओलांडू शकेल, असं त्यांना बनवतानाही वाटलं नव्हतं. सतरा मिनिटं वीस सेकंदांनी शेवटचं यंत्र फुटलं, सगळ्या गोळ्या एकदम विरून गेल्या आणि पडदा मोकळा झाला. तीनच्या तीन विमानं शाबूत होती.

"त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाची ही फाइल असणं शक्य आहे का?" शाल्मलीनं विचारलं. "किंवा खोटी बनवलेली?"

"खोटी बनवायची तर हजारो गोळ्यांची वाट आधी मनात मोजायला हवी. कुणाची छाती आहे?" आजोबांचे डोळे भरले होते. "खेळला तो. खरोखर खेळला."

"थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "फाइल संपलेली नाही. अजून सेहेचाळीस सेकंदांच्या कळा बाकी आहेत."

पडद्यावर खेळाचं अखेरचं पान उघडलं होतं. शाल्मलीनं ते कधी पाहिलं नव्हतं. आजोबांनी ते बनवलं होतं, पण खेळ पुरा करून तिथपर्यंत तेही कधी पोचले नव्हते. वर लिहिलं होतं, 'विजेत्याचं नाव लिहा', आणि खाली अक्षरांचा तक्ता. त्यावरची चौकट आपोआप हलू लागली. एकोणचाळीस वर्षांपूर्वी मिरजेतल्या एका खोलीत दाबलेल्या कळा एकेक अक्षर वेचत होत्या. डावी, डावी, खाली. 'श्रे'. मग 'णि'. मग 'क'.

"हे तर तुमचं नाव," शाल्मली म्हणाली.

चौकट पुढे चालतच राहिली. सावकाश, एकही अक्षर न चुकता. ती थांबली तेव्हा पडद्यावर उभं होतं,

श्रेणिक + दस्तगीर

फाइल तिथं संपली. आजोबा त्या ओळीकडे बघत राहिले. ती ओळ त्या संमेलनात सगळ्यांना दिसली असती. त्यासाठीच तर तो फाइल घेऊन आला होता. आजोबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि शाल्मली त्यांच्या खुर्चीच्या हातावर चढून त्यांना बिलगून बसली.

मग ते म्हणाले, "भाऊसाहेब, दस्तगीरचा नंबर..."

"आपल्या यादीत आहे. आजवर एकदाही लावलेला नाही."

"लावा."

पलीकडे घंटी वाजली, चारदा. मग खरखरीत, म्हातारा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"दस्त्या, मी. श्रेणिक."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तू खरं बोलत होतास," आजोबा म्हणाले. "चूक माझी होती. मी पायची किंमत बदलली होती, आदल्या दिवशी. तुला सांगितलं नव्हतं. मी फार वाईट वागलो रे."

"मी खेळलो होतो, हे मला माहीत होतं की," पलीकडून आवाज आला. "चूक कुठं झाली, तेवढंच माहीत नव्हतं. काय म्हणालास? पायची किंमत?"

आजोबांनी शाल्मलीला खुणावलं. तेव्हा शाल्मलीनं सगळं समजावून सांगितलं, बीजसंख्येपासून दोन बोटांच्या फरकापर्यंत, एकही पायरी न गाळता. दस्तगीर मधेमधे "हां", "बरं", "मग?" म्हणत राहिले. शेवटी ते हसू लागले. हसता हसता खोकला आला आणि खोकता खोकता पुन्हा हसले.

"अंशाचा सातवा भाग! तुझ्या आजोबाला म्हणावं, सतारीची तार एवढी उतरली असती तर मी तुला ऐकूनच सांगितलं असतं."

"तेव्हा भांडला का नाहीत तुम्ही?" शाल्मलीनं विचारलं.

"सगळ्यांसमोर दोस्तानं खोटारडा म्हटल्यावर भांडायचं कुणाशी, पोरी?" ते म्हणाले. आता ते हसत नव्हते. मग त्यांनी विचारलं, "फाइल शेवटपर्यंत बघितलीत ना? शेवटचं पान?"

"बघितलं," आजोबा म्हणाले. "बघितलं, दस्त्या."

"मग ठीक आहे. मी येतो. आत्ताच निघतो. तो चौथा टप्पा मला परत खेळायचाय, बोटं चालतात का बघू."

सहाला आठ मिनिटं कमी असताना पाटीचा मजकूर कोल्हापूरला गेला. शेवटचं वाक्य आता असं होतं, 'हा खेळ प्रथम पार केला दस्तगीर शिकलगार यांनी, ११ डिसेंबर २०१४ रोजी. खेळ बनवणाऱ्याच्या चुकीमुळे हे तेव्हा मान्य झालं नाही.' दुसरा भाग घालू नये असं भाऊसाहेबांचं मत होतं, पण आजोबांनी तो घातलाच.

शाल्मली तोवर खेळाच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवत होती. यापुढे प्रत्येक रीप्लेच्या कपाळावर बीजसंख्येशेजारी खेळाची आवृत्तीही (नेमक्या कोणत्या दुरुस्तीनंतरचा खेळ, ते) लिहिली जाणार होती. पुढे शंभर वर्षांनी कुणी तिची फाइल उघडली, तर त्याला कळायला हवं की ती कोणत्या वर्तुळात खेळली होती. आणि पुढच्या आठवड्यात ती चक्र ओलांडणारच होती, याबद्दल तिला काडीचीही शंका नव्हती.

"आजोबा, ही ओळ बघता का जरा?" तिनं हाक मारली. पण खोलीत कुणी नव्हतं.

मिरजेहून सांगलीला यायला वीस मिनिटं लागतात. आजोबा पाचव्या मिनिटालाच फाटकात जाऊन उभे राहिले होते.